डर्वेंट खोऱ्यातल्या धरणांवर वसंतातलं पक्षीनिरीक्षण

इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमध्ये हाउडन, डर्वेंट आणि लेडीबावर ही तीन धरणं एकाच खोऱ्यात एकाखाली एक आहेत. इथे एका फेरीत सगळे पक्षी मिळत नाहीत. गॉसहॉक या मोठ्या शिकारी पक्ष्यासाठी मार्चमध्ये जा, बाकीच्यांसाठी एप्रिलच्या शेवटच्या दहा दिवसांत.

गॉसहॉकचा दिवस हवामान पाहून ठरवा: लख्ख ऊन, मंद वारा. डोंगरमाथ्यावर ढग बसले असतील तर बेत बदला. पक्षी वर येतो तो हवा तापल्यावर, साधारण ९ ते १२ या वेळात. जंगलावरची लांब क्षितिजरेषा दिसेल अशा उघड्या जागी बसा. झाडीत शिरू नका. आतून आकाश दिसत नाही, शिवाय घरट्याजवळ त्रास देणं तिथल्या १९८१च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे. ८x४२ दुर्बिणीने दर दोन-तीन मिनिटांनी रेषेवरून सावकाश नजर फिरवा. स्कोप, म्हणजे तिकाटण्यावरची एकनळी दुर्बीण, पक्षी सापडल्यावरच लावा, त्यातून फार थोडं आकाश दिसतं.

सर्वांत जास्त चूक होते ती स्पॅरोहॉक या तशाच दिसणाऱ्या लहान शिकारी पक्ष्याच्या मादीपाशी. ती पंखांचे भरभर चार-पाच फटके मारून तरंगते. गॉसहॉकचे फटके संथ आणि खोल, शेपटी बुडाशी रुंद. प्रणयाच्या उड्डाणात शेपटीखालची पांढरी पिसं फुललेली लांबूनही कळतात. कावळा मागे लागला तर दोघांचे आकार ताडून बघा: गॉसहॉकची मादी कावळ्यापेक्षा उघडच मोठी असते.

एप्रिलच्या फेरीत पहाटे काठावर असा, फिरायला येणाऱ्यांच्या आधी. कॉमन सँडपायपर, म्हणजे हिवाळ्यात आपल्या धरणांवर दिसणारी तुतारी, दगडी किनाऱ्यावर शेपूट हलवत चालते. ऊन पाठीशी ठेवा, नाहीतर पाण्याच्या चकाकीत ती हरवते. पाण्याला लागून थरथरत्या पंखांनी उडणारी, बारीक शीळ घालणारी तीच.

रिंग ऊझल या डोंगराळ भागातल्या काळ्या पक्ष्यासाठी संध्याकाळी कटथ्रोट ब्रिज या पुलाकडून डर्वेंट एज या कड्यावर चढा. आधी कान लावा: दोन-तीन स्वच्छ, एकसारख्या शिट्ट्या, मग शांतता. नराच्या छातीवर पांढरी चंद्रकोर असते. पण पांढरे डाग पडलेला ब्लॅकबर्ड हा त्याचा काळा भाईबंदही फसवतो, म्हणून पंखावरची फिकट झाक पाहिल्याशिवाय नोंद करू नका. पक्षी सारखा 'टक टक' करू लागला की घरटं जवळ आहे. लगेच मागे फिरा.

१ मार्च ते ३१ जुलै मोकळ्या माळावर कुत्रा आखूड दोरीलाच हवा, कारण गोल्डन प्लोव्हर आणि कर्ल्यू हे पक्षी जमिनीवर घरटी करतात. पँट मोज्यांत खोचा. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, जांघेत गोचीड शोधा. सापडली तर टोकदार चिमट्याने कातडीला अगदी लागून धरून सरळ ओढा.