जमैकाची पॅटवा: प्रवाशाने आपला कान कसा तयार करावा

किंग्स्टन किंवा माँटेगो बे येथे उतरलेला प्रवासी बहुधा असे गृहीत धरतो की, कानावर पडते ती घाईघाईने बोललेली इंग्रजीच आहे आणि समोरचा जरा सावकाश बोलला की सारे उलगडेल. जमैकाची राजभाषा इंग्रजी असली, तरी घरात, बाजारात आणि टॅक्सीत चालते ती पॅटवा. इंग्रजांनी १६५५ मध्ये हे बेट स्पॅनिशांकडून घेतल्यानंतर उसाच्या मळ्यांवर पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या तोंडी इंग्रजी शब्दांना जे नवे व्याकरण मिळाले, त्यातून ही भाषा घडली. म्हणून शब्दांची यादी पाठ करण्याआधी सर्वनामे आणि क्रियापदे ओळखायला शिकावे.

मराठी माणसाला सुरुवात सोपी जाते, कारण पॅटवात ‘मी’ म्हणजे मीच. हा निव्वळ योगायोग असला तरी उपयोगी आहे. ‘उनू’ म्हणजे ‘तुम्ही’, परंतु तो केवळ अनेकांसाठी वापरतात. आदरार्थी म्हणून एकट्या वडीलधाऱ्याला तो लावू नये. क्रियापदाचे रूप काळानुसार बदलत नाही. ‘न्याम’ म्हणजे खाणे; ‘मी न्याम’ याचा अर्थ सहसा ‘मी खाल्ले’ असा होतो, ‘मी अ न्याम’ म्हणजे ‘मी खात आहे’ आणि ‘मी अ गो न्याम’ म्हणजे ‘मी खाणार आहे’. ‘पिकनी’ म्हणजे मूल, तर ‘डि पिकनी डेम’ म्हणजे मुले.

यानंतर ऱ्हस्व-दीर्घाकडे लक्ष द्यावे. ‘क्यन’ म्हणजे ‘शकतो’ आणि लांबवलेला, किंचित नाकातला ‘क्यान’ म्हणजे ‘शकत नाही’. टॅक्सीवाल्याचा होकार आणि नकार एवढ्याशा फरकावर अवलंबून असल्याने शंका आल्यास पुन्हा विचारावे.

खरी फसगत मात्र ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांत होते. ‘सून कम’ म्हणजे ‘येतोच’, पण तो पाच मिनिटांत येईल की तासाभराने, हे त्या शब्दांत नसते. ‘टी’ म्हणजे कोणतेही गरम पेय, आणि ‘फिश टी’ तर चक्क माशांचे पातळ सूप. रात्री भेटताक्षणी कोणी ‘गुड नाइट’ म्हटले, तर तो निरोप नसून अभिवादन असते. ‘बेग यू’ने सुरू होणारे वाक्य भिकेचे नव्हे, साध्या विनंतीचे असते. भरलेल्या टॅक्सीत ‘स्मॉल अप युसेल्फ’ ऐकू आले, की अंग चोरून शेजाऱ्याला जागा करून द्यावी. ‘हॅन’ आणि ‘फुट’ हे शब्द हाताचा पंजा आणि पाऊल यांपुरते नसून पूर्ण हात आणि पूर्ण पाय दाखवतात, ज्यात मराठी माणसाला नवल वाटू नये.

१८४५ पासून करारावर आलेल्या भारतीय मजुरांबरोबर ‘गांजा’ हा शब्दही तेथे पोहोचला. भारतीय वंशाच्या माणसाला उद्देशून ‘कूली’ही कानावर येईल, तो अनेकांना झोंबतो, तेव्हा आपण तो उच्चारू नये.

बोलण्याबाबत माझे मत असे की, समजून घ्यावे भरपूर आणि बोलावे थोडके. ओढूनताणून काढलेला ‘या मान’ (‘हो, गड्या’) थट्टेसारखा वाटतो. काहीही विचारण्यापूर्वी ‘गुड मॉर्निंग’ म्हणावे. वडीलधाऱ्यांशी तर तेच शोभते. ‘क्लाट’ने संपणाऱ्या शिव्या ओळखाव्यात, पण गंमत म्हणूनही तोंडी आणू नयेत, कारण सार्वजनिक ठिकाणी अर्वाच्य बोलणे तेथे कायद्याने दंडनीय आहे. घासाघीस करताना विक्रेतीने दातांतून हवा ओढून लांबलचक ‘च्स्स’ असा आवाज काढला, तर ती वैतागली आहे, असे समजून तेथेच थांबावे.

ही शिदोरी सर्व बेटांवर चालत नाही. सेंट लुसिया आणि डॉमिनिका येथेही लोक आपल्या बोलीला पॅटवा म्हणतात, पण तिचा शब्दसाठा मुख्यतः फ्रेंच आहे. जमैकात ‘व्हा ग्वान’ने, तर सेंट लुसियात ‘सा का फेट’ने खुशाली विचारतात. उत्तरे अनुक्रमे ‘मी डे या’ आणि ‘म्वें ला’. दोन्हींचा शब्दशः अर्थ एकच, ‘मी इथे आहे’.