मराठी शिकणाऱ्यांसाठी खरंखुरं वाटणारं ऑडिओ घरच्या घरी कसं बनवायचं

मराठी शिकवणारे आता बरेच झालेत. कुणी ऑफिसातल्या तमिळ नाहीतर बंगाली सहकाऱ्यांना शिकवतं, कुणी अमेरिकेतल्या मराठी शाळेत रविवारचा वर्ग घेतं, कुणी बदली होऊन महाराष्ट्रात आलेल्या बँकवाल्यांना ऑनलाइन शिकवतं. वाचायला पुस्तकं मिळतात, व्याकरणाचे तक्ते मिळतात, पण ऐकायला काय द्यायचं इथं सगळे अडतात. मग आकाशवाणीच्या बातम्या लावायच्या किंवा दोघांनी समोरासमोर बसून पुस्तकातला संवाद वाचायचा, विद्यार्थ्याला वर्गात सगळं कळतं आणि खाली भाजी आणायला गेला की एक वाक्य धड कळत नाही.

असं होणारच, कारण बातम्या म्हणजे आधी लिहिलेलं आणि मग वाचलेलं मराठी. रोजच्या बोलण्यात "मला जायचे आहे" कुणी म्हणत नाही, "जायचंय मला" म्हणतात. "काय करतो आहेस" चं "काय करतोयस" होतं, "ठेवलं आहे" चं "ठेवलंय". शिकणाऱ्याने हे कधी ऐकलेलंच नसेल तर त्याला ते शब्द ओळखीचे असूनही ओळखू येत नाहीत. म्हणून माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं आहे की रेकॉर्डिंग सोपं करत बसू नका, ते खरं ठेवा आणि त्यावर जे काम करायला द्याल ते सोपं करा. खाली सगळं त्याच हिशोबाने लिहिलंय.

पहिलं काम : प्रसंग निवडा

आपल्या मनाने विषय ठरवू नका, शिकणाऱ्याला विचारा की गेल्या आठवड्यात कुठं कुठं मराठी कानावर पडलं आणि कुठं अडलं. पुण्यात नाहीतर ठाण्यात राहणारा माणूस असेल तर उत्तरं ठरलेली येतात, रिक्षावाला, भाजीवाला, सोसायटीचा वॉचमन, घरकामाच्या मावशी, पत्ता विचारायला फोन करणारा डिलिव्हरीवाला, एसटी स्टँडवरची घोषणा. न्यू जर्सीतल्या मुलाला यातलं काहीच नको असतं, त्याला आजीचा व्हिडिओ कॉल कळायला हवा, किंवा जेवणाच्या टेबलावर चार मोठी माणसं एकदम बोलत असताना नेमकं काय चाललंय ते.

इथंच एक गोष्ट ठरवून टाका, ऐकणारा नुसता ऐकणार आहे की उलट बोलूही शकतो. स्टँडवरच्या घोषणेला "परत सांगा" म्हणता येत नाही, भाजीवाल्याला म्हणता येतं. गोएथे इन्स्टिट्यूटच्या जर्मन ए-वन (म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीच्या) परीक्षेतही ऐकण्याच्या पेपरात घोषणांचा भाग एकदाच ऐकवतात आणि बाकीचे दोन भाग दोनदा, त्यामागे हेच असावं. तुम्हीही घोषणा एकदाच ऐकवा, गप्पा मात्र हव्या तितक्या वेळा.

दुसरं : संवाद लिहू नका, चिठ्ठ्या लिहा

हे सगळ्यात महत्त्वाचं. कितीही चांगलं लिहिणारा माणूस असला तरी लिहिलेला संवाद वाचला की आवाज बदलतो, प्रत्येक वाक्य पूर्ण होतं, कुणी कुणाला तोडत नाही. त्याऐवजी दोघांना वेगवेगळी चिठ्ठी द्या आणि एकमेकांची चिठ्ठी बघू देऊ नका. चिठ्ठीत दोन गोष्टी हव्यात, त्या माणसाला काय माहितीय आणि त्याला काय हवंय. उदाहरणार्थ ग्राहकाच्या चिठ्ठीत, "मेथीच्या दोन जुड्या हव्यात, पन्नासच्या वर द्यायचे नाहीत, कोथिंबीर वरून मिळाली तर बघा." विक्रेत्याच्या चिठ्ठीत, "मेथी तीस रुपये जुडी, पावसामुळे माल कमी आलाय, सुट्टे पैसे नाहीत." एवढंच. मग जे निघतं ते साधारण असं असतं :

— मेथी कशी दिली हो?
— तीसला जुडी.
— तीस? अहो परवा तर... परवा वीसला होती की.
— पाऊस लागलाय ना ताई, माल कुठंय. घ्या, ताजीय बघा.
— दोन घेते, पन्नास लावा.
— नाय ओ परवडत... बरं द्या. सुट्टे आहेत का?
— नाहीत ओ, ऑनलाइन करते. आणि थोडी कोथिंबीर टाका त्यातच.

आता हे पुस्तकातल्या "मेथीच्या जुडीची किंमत किती आहे?" च्या शेजारी ठेवून बघा. किंमत सांगताना क्रियापदच नाही, नुसतं "तीसला जुडी". "पन्नास लावा" म्हणजे काय ते कुठल्या धड्यात येत नाही. "नाय ओ परवडत" म्हणून लगेच "बरं द्या" म्हणणं, हे सगळं शिकणाऱ्याने ऐकायला हवं. हे ठरवून लिहायला गेलं तर सुचत नाही, पण दोन माणसांना खरंच काहीतरी हवं असलं की आपोआप येतं.

चिठ्ठीत आकडे मात्र मुद्दाम घाला, कारण मराठी ऐकताना सगळ्यात जास्त लोक आकड्यांवर अडतात. एकोणसाठ नि एकोणसत्तर भर्रकन म्हटले की शिकणाऱ्याला सारखेच वाटतात, आणि "एकोण" ऐकून पुढच्या दशकातून एक वजा करायचा हे डोक्यात होईपर्यंत समोरचा पुढं गेलेला असतो. त्यात अडीच, दीडशे, सव्वासात, पावणेदोनशे. पावणेदोनशे म्हणजे १७५ हे कागदावर समजावणं सोपंय, पण "पावणेदोनशे द्या" ऐकून हात बरोबर पैशांकडे जाणं वेगळं. म्हणून एक चिठ्ठी वेळेची करा (डॉक्टरची अपॉइंटमेंट साडेपाच की पावणेसहा), एक वजनाची, एक भाड्याची. मोबाइल नंबर सांगायचा प्रसंग असेल तर दोन प्रकार घ्या, एकजण इंग्रजी आकड्यांत सांगेल आणि एकजण मराठीत जोड्या करून, कारण दोन्ही कानावर पडतं.

तिसरं : माणसं

फक्त छान आवाजाची माणसं गोळा करू नका. एक आजोबा, एक कॉलेजची मुलगी, एक जरा भराभर बोलणारा, एक हळू बोलणारा असं मिश्रण हवं. आणि सगळे पुण्याचेच नकोत, ही माझी अगदी ठाम भूमिका आहे. नागपूरचा माणूस "काय करून राहिला" म्हणणार, कोल्हापूरकडची बाई "मी येतो" म्हणणार आणि ज्याला वर्गात "बाई असेल तर येते" एवढंच शिकवलंय तो गोंधळणार. सुरुवातीच्या मुलांवर सगळं एकदम टाकू नका, पण सहा महिन्यांनंतरही एकाच पट्टीतलं मराठी ऐकवत राहिलात तर त्यांचं नुकसानच आहे.

रेकॉर्ड करण्याआधी माणसाला स्पष्ट विचारा, कशासाठी आहे आणि कोण ऐकणार आहे ते सांगा. खऱ्या दुकानात गुपचूप फोन चालू ठेवून रेकॉर्ड करणं बरोबर नाही. चिठ्ठ्यांत खरे पत्ते, खरे फोन नंबर घालू नका.

चौथं : रेकॉर्डिंग

महागडा माइक लागत नाही, साधा स्मार्टफोन पुरतो. फोन एअरप्लेन मोडवर टाका, चौपदरी घडी घातलेल्या नॅपकिनवर ठेवा, दोघांच्या तोंडापासून साधारण वीतभर-दीड वीत अंतरावर. पंखा बंद, फ्रिज असलेली खोली नको. गाद्या, पडदे, कपड्यांचं उघडं कपाट असलेली बेडरूम सगळ्यात चांगली, रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो आणि तो नंतर काढता येत नाही. रेकॉर्डिंगच्या अॅपमध्ये सोय असेल तर वेव्ह (.wav) फाइल, सॅम्पल रेट ४४.१ किलोहर्ट्झवर ठेवा. बोलणं सुरू व्हायच्या आधी अर्धा मिनिट सगळ्यांनी गप्प बसायचं आणि ती शांतता पण रेकॉर्ड करायची, एडिटिंगला लागते.

मंडईचा गलका हवा असेल तर मंडईत बसून संवाद रेकॉर्ड करू नका, गलका वेगळा घेऊन या. दोन-तीन मिनिटं पुरेत. मग ऑडॅसिटीत (आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं, साध्या लॅपटॉपवर चालतं) संवाद एका ट्रॅकवर, गलका दुसऱ्यावर. सुरुवातीच्या विद्यार्थ्यांसाठी गलका बोलण्यापेक्षा १५ ते २० डेसिबल खाली ठेवा, पुढच्यांसाठी हळूहळू वर आणा, एकाच संवादाच्या अशा दोन-तीन आवृत्त्या निघतात. फोनवरचं बोलणं हवं असेल तर ३०० हर्ट्झच्या खालचं आणि ३४०० च्या वरचं फिल्टरने कापून टाका, जुन्या टेलिफोन लाइनवर साधारण तेवढाच पट्टा जायचा, त्यामुळे लगेच फोनसारखं ऐकू येतं. फोनवर समोरच्याचा चेहरा, हातवारे काही दिसत नाहीत म्हणून शिकणाऱ्यांना तिथं जास्त त्रास होतो, तेव्हा अशी रेकॉर्डिंग भरपूर करा.

पाचवं : कापाकापी

इथं हात आवरता घ्या. "अं", "म्हणजे", "ते आपलं हे", अर्धवट सोडलेलं वाक्य, एकावर एक बोलणं, हे ठेवा. ऐकणाऱ्याला विचार करायला जो क्षणभर वेळ मिळतो तो या "म्हणजे" नि "अं" मुळेच मिळतो, ते काढून टाकलं की बोलणं उलट अवघड होतं. खोकला, दाराची बेल, विषय सोडून गेलेल्या गप्पा तेवढ्या काढा. नवशिक्यांसाठी एक-दीड मिनिट पुरे, तीन मिनिटांच्या वर गेलं की ते मध्येच सोडून देतात.

आणि सॉफ्टवेअरने वेग कमी करू नका. "जायचंय" हळू केलं तरी ते "जायचंय"च राहतं, फक्त आवाज विचित्र होतो. त्यापेक्षा जिथं एक म्हणणं संपतं तिथं अर्धा-एक सेकंद ती रेकॉर्ड केलेली शांतता घाला. भाषा किती येते ते मोजायच्या युरोपच्या चौकटीतल्या ए-वन पातळीच्या वर्णनातच संथ बोलणं आणि अर्थ लागायला पुरेसे लांब विराम असं म्हटलंय, म्हणजे विराम देण्यात काही गैर नाही.

सहावं : लिहून काढा

जसं बोललंय तसं लिहा, प्रमाण भाषेत सुधारून नाही. "नाय ओ" असेल तर "नाय ओ". शेजारच्या रकान्यात पूर्ण रूप द्या, "ताजीय" समोर "ताजी आहे", "कुठंय" समोर "कुठे आहे". हा कागद ऐकून झाल्यावरच द्यायचा, आधी दिला की विद्यार्थी वाचतो, ऐकत नाही.

सातवं : ऐकताना करायचं काम

वरचा मेथीचा संवाद पहिल्या महिन्यातल्या माणसालाही लावता येतो. त्याला विचारा, बोलणारे ओळखीचे वाटतात की अनोळखी, आणि शेवटी किती रुपयांना ठरलं. बस. बाकी काही नाही कळलं तरी चालतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तोच संवाद लावून विचारा, भाव का वाढला, कोथिंबिरीचे पैसे दिले का. त्याच्या पुढच्याला "पाऊस ____ ना ताई, माल ____" अशा गाळलेल्या जागा द्या.

प्रश्न चांगला आहे का हे तपासायची एक सोपी पद्धत आहे, रेकॉर्डिंग न ऐकलेल्या कुणाला तरी नुसते प्रश्न द्या. त्याने अंदाजाने बरोबर उत्तर दिलं तर तो प्रश्न काढून टाका. "ताईंना भाजी हवी होती का?" असल्या प्रश्नाला ऐकायची गरजच नसते. आणि नावं, रंग, तारखा पाठ करून सांगायला लावू नका, ती स्मरणशक्तीची परीक्षा होते. प्रश्न ऐकायच्या आधी दाखवा. खऱ्या आयुष्यातही आपण काय ऐकायचंय ते ठरवूनच कान देतो, स्टँडवर उभे असलो की फक्त आपल्या गावाचं नाव नि फलाट नंबर.

वर्गात लावायच्या आधी एका विद्यार्थ्याला एकट्याला बसवून ऐकवा आणि तो कुठं थांबवून मागं जातो ते बघून वेळ लिहून ठेवा, ०:१४ ला तीनदा मागं गेला असं. बहुतेक वेळा ती जागा अवघड शब्दाची नसते, दोन शब्द चिकटून गेलेत तिथली असते, पुढच्या तासाला त्याच दोन सेकंदांवर काम घ्या. तयार फाइल एमपीथ्री करून व्हॉट्सअॅपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, व्हॉइस नोट म्हणून नको, त्यात आवाज फार दबतो. नाव देताना प्रसंग, बोलणाऱ्यांचा भाग आणि लांबी तिन्ही लिहा, "भाजी-कोल्हापूर-१मि१०से" असं, म्हणजे वर्षभरात फाइली जमल्या की हवी ती लगेच सापडते आणि दुसऱ्या शिक्षकालाही देता येते.