लेबलावरची तारीख उडते, बारकोड वाचत नाही? प्रिंटरला दोष देण्याआधी या चुका टाळा

मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी सुरू झाली की गोव्यातले स्वयंसाहाय्य गट आणि छोटे घरगुती उद्योजक सोलां (आमसुले), सुक्या मिरच्या, काजूगर, पापड यांची पाकिटे भरायला घेतात. यातली बरीच पाकिटे पावसाळाभर फळीवर राहतात आणि चतुर्थीच्या बाजारात विकायला येतात. तोवर लेबलावरची तारीख पुसट झालेली असते, कधी किंमतही दिसत नाही. गिऱ्हाईक पाकीट उलटसुलट करून बघते आणि परत ठेवून देते. मग प्रिंटर दुरुस्त करणाऱ्याला फोन जातो. बहुतेक वेळा प्रिंटर ठणठणीत असतो, गडबड लेबल विकत घेतानाच झालेली असते.

थर्मल, म्हणजे उष्णतेने उमटणारे, लेबल छापताना शाई लागत नाही. कागदावर एक पातळ लेप असतो. त्यात ल्युको डाय नावाचे रंगहीन द्रव्य आणि त्याला रंग आणणारे आम्लधर्मी रसायन, म्हणजे डेव्हलपर, शेजारी शेजारी बसलेले असतात. प्रिंटरच्या हेडवरचे बारीक ठिपके तापले की तेवढ्या जागी लेप वितळतो, दोघे एकत्र येतात आणि काळा रंग उमटतो. पण हा संयोग कायमचा नसतो. तेल, ओल, ऊन आणि प्लास्टिक मऊ ठेवणारी द्रव्ये तो मोडतात. उलट साधारण 65 ते 70 अंश सेल्सिअसच्या पुढे कोरा भागही आपोआप काळवंडू लागतो. गरमागरम शाकुतीच्या डब्याच्या झाकणावर लावलेले लेबल काळे पडते ते यामुळेच. थर्मल कागदावरचे वॉरंटीचे बिल जपून ठेवायचे म्हणून गरम लॅमिनेशन केले, तर सगळे बिल काळेठिक्कर होऊन बाहेर येते. अशा बिलाची त्याच दिवशी झेरॉक्स काढावी, किंवा मोबाईलवर स्वच्छ फोटो घ्यावा.

लेबल किती दिवस टिकायला हवे, हे न विचारता रोल घेणे

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. ताज्या मासळीच्या काउंटरवर, वजनकाट्यावर, कुरिअरच्या पार्सलवर साधे डायरेक्ट थर्मल, म्हणजे वर सांगितलेले लेपाचे, लेबल उत्तम चालते, कारण त्याचे काम काही दिवसांत संपते. सहा महिने किंवा वर्षभर टिकणाऱ्या मालावर तेच लावले तर तक्रार ठरलेली. अशा मालासाठी थर्मल ट्रान्स्फर, म्हणजे रिबनवाली छपाई घ्या. यात रिबनवरचा रंग उष्णतेने लेबलवर उतरतो. साध्या कागदाला वॅक्स, म्हणजे मेणाची, रिबन पुरते. पाकिटे एकमेकांवर घासत असतील तर वॅक्स-रेझिन, म्हणजे मेण आणि राळ यांची मिश्र, घ्यावी. फेणीची बाटली किंवा तेलकट लोणच्याची बरणी असेल, तर प्लास्टिक फिल्मचे लेबल आणि त्यावर रेझिन रिबन असा खर्च करावाच. दारूचा थेंब साध्या थर्मल लेबलवर पडला की तिथे डाग पडतो किंवा अक्षरे विरघळल्यासारखी दिसतात.

मधला मार्ग टॉप कोट असलेल्या थर्मल लेबलचा. लेपावर आणखी एक संरक्षक थर असल्याने ते पाणी आणि तेलकट हात बऱ्यापैकी सोसते. बेबिंका तुपाने आणि नारळाच्या रसाने तेलकट असते, भाजलेल्या काजूला तेल सुटते, म्हणून अशा मालाला निदान टॉप कोट तरी हवाच. दुकानदार ‘चांगल्या क्वालिटीचा’ एवढेच सांगत असेल तर थेट विचारा: टॉप कोट आहे का?

हा खर्च टाळता येण्यासारखा नाही. एफएसएसएआय या केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार खाद्यपदार्थाच्या लेबलावरचा मजकूर ठळक, सहज वाचता येईल असा आणि न पुसला जाणारा हवा. उडालेली तारीख हा नियमभंगच आहे, आणि माल कितीही चांगला असला तरी त्याचा भुर्दंड उत्पादकालाच बसतो.

हातातला रोल थर्मल आहे की रिबनचा, हे नखाने कळते. लेबलवर नख जोरात आणि झटकन ओढा. घर्षणाच्या उष्णतेने काळसर रेघ उमटली तर तो थर्मल. रेघ नाही उमटली तर रोल रिबनचा आहे, आणि रिबनशिवाय तो लावला तर लेबल कोरेच बाहेर येणार. ‘प्रिंटर चालतो, पण काही छापत नाही’ या तक्रारीत पहिल्यांदा हेच तपासावे.

पावसापासून वाचवायला वरून सेलोटेप लावणे

जून ते सप्टेंबर आपल्याकडे पार्सलांवर हे सर्रास दिसते. हेतू चांगला, परिणाम उलटा. टेपचा गोंद लेपात मुरतो आणि खालची अक्षरे हळूहळू फिकी होतात. बारकोडवरून टेप गेली तर चकाकीमुळे स्कॅनर अडखळतो ते वेगळेच. पीव्हीसीच्या क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळलेले लेबलही असेच उडते, कारण पीव्हीसी मऊ ठेवायला घातलेले द्रव्य कागदात उतरते. लेबल पावसात टिकवायचे असेल तर ते टॉप कोटचे घ्या किंवा पार्सल पॉलिथिनच्या पारदर्शक पाऊचमध्ये घाला.

कोरे रोलही नीट ठेवा. खिडकीशेजारी, ओलसर भिंतीला टेकवून किंवा उन्हात उभ्या गाडीत ते ठेवू नयेत. मूळ वेष्टनातच राहू द्या, लागेल तेवढेच उघडा.

फिके आले की डार्कनेस वाढवणे

डार्कनेस म्हणजे हेडची उष्णता ठरवणारे प्रिंटरचे सेटिंग. हा पहिला उपाय म्हणून सगळे करतात, करायचा मात्र शेवटी. उष्णता वाढवली की बारकोडच्या रेघा फुगतात, मधल्या फटी बुजतात आणि डोळ्यांना झकास दिसणारा बारकोड स्कॅनर वाचत नाही. शिवाय हेड लवकर झिजते. आधी प्रिंटर बंद करून हेड निवू द्या. मग धागे न सुटणाऱ्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हलक्या हाताने पुसा. रबरी रोलरही फिरवत फिरवत पुसून घ्या. ब्लेड, टाचणी, थिनर यांतले काहीही तिथे नको. हात धुण्याचे जेल सॅनिटायझरही नको, त्याचा चिकट थर मागे राहतो. प्रत्येक रोल बदलताना ही सफाई करावी. त्यानंतर छपाईचा वेग कमी करून बघा. एवढे करूनही फिके आले, तर डार्कनेस एकेक पायरी वाढवा आणि दर पायरीला बारकोड स्कॅन करून पाहा.

लेबलच्या लांबीत एकाच जागी बारीक पांढरी रेघ येत असेल आणि पुसूनही जात नसेल, तर हेडचा तो ठिपका जळालेला आहे. नवे हेड येईपर्यंत डिझाइनमध्ये बारकोड 90 अंशांत फिरवून घ्या. मग पांढरी रेघ एकाच दांड्यावर न पडता सगळ्या दांड्यांना आडवी छेदते आणि स्कॅनरला बाजूने वाचायला जागा मिळते. अशा वेळी वेग मात्र कमी ठेवा.

बारकोड माउसने ओढून लहान करणे

बाजारातले बहुतेक टेबलावरचे प्रिंटर 203 डीपीआयचे असतात, म्हणजे एका मिलिमीटरला 8 ठिपके. एक ठिपका सुमारे 0.125 मिमी. बारकोडची सर्वांत बारीक रेघ पूर्ण ठिपक्यांचीच छापता येते, अडीच ठिपक्यांची नाही. माल ईएएन-13, म्हणजे दुकानातल्या मालावरच्या 13 अंकी, बारकोडने विकायचा असेल तर त्या रेघेचे प्रमाण माप 0.33 मिमी आहे आणि ते 80 टक्क्यांच्या खाली नेऊ नये. दोन ठिपके घेतले तर रेघ 0.25 मिमी, म्हणजे मर्यादेखाली. तीन घेतले तर 0.375 मिमी, अगदी योग्य. या हिशेबाने दोन्ही बाजूंच्या कोऱ्या जागेसह बारकोडला 42 मिमीच्या आसपास रुंदी लागते. म्हणून 50 मिमी रुंदीचे लेबल घ्या. 38 मिमीच्या लेबलात तो कोंबला की कडेची कोरी जागा जाते आणि सुपरमार्केटच्या काउंटरवर माल अडकतो.

छपाई लेबलागणिक वरखाली सरकत असेल तर नवा रोल घातल्यावर कॅलिब्रेशन, म्हणजे प्रिंटरला लेबलचे माप ओळखायला लावणे, राहून गेले आहे, किंवा सॉफ्टवेअरमधले माप आणि खरे माप जुळत नाही. दोन लेबलांमधली फट ओळखणाऱ्या सेन्सरवर धूळ साचली तरी हेच होते.

थंड, ओल्या पाकिटावर लेबल चिकटवणे

फ्रीजरमधून काढलेल्या चोरिसाच्या (गोवन सॉसेजच्या) किंवा मासळीच्या पाकिटावर दव धरते आणि नेहमीचा गोंद त्यावर बसत नाही. लेबल आधी कोरड्या पाकिटावर लावा, दाबून बसवा, मग पाकीट फ्रीजरमध्ये टाका. ते शक्य नसेल तर रोल घेताना फ्रीजर ग्रेड गोंद मागून घ्या.

‘बीपीए फ्री’ वाचून निश्चिंत होणे

थर्मल कागदाच्या लेपात डेव्हलपर म्हणून अनेक वर्षे बिस्फेनॉल ए, म्हणजेच बीपीए, वापरले गेले. शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ते ढवळाढवळ करते. युरोपीय संघाने जानेवारी 2020 पासून थर्मल कागदात त्याचे प्रमाण वजनाच्या 0.02 टक्क्यांपेक्षा कमी ठेवण्याचे बंधन घातले. पण त्याच्या जागी पुष्कळदा त्याच कुळातले बिस्फेनॉल एस घातले जाते आणि पाकिटावर ‘बीपीए फ्री’ छापता येते. स्वित्झर्लंडने थर्मल कागदातून दोन्ही बाहेर काढले. विक्रेत्याकडे ‘फिनॉल फ्री’, म्हणजे कोणतेच बिस्फेनॉल नसलेला, कागद मागा, तोही मिळतो.

गिऱ्हाइकाच्या हातात बिल एखादे मिनिट असते. काउंटरवरची मुलगी मात्र दिवसभर ते फाडत असते, खरी काळजी तिची घ्यायला हवी. सॅनिटायझर लावलेल्या ओल्या हातांनी थर्मल कागद धरला तर बिस्फेनॉल त्वचेतून कितीतरी जास्त शोषले जाते, असे 2014 मध्ये अमेरिकेत झालेल्या अभ्यासात दिसले. हात आधी कोरडे होऊ द्यावेत, आणि जेवणाआधी साबणाने धुवावेत. लेबल किंवा बिल उघड्या खाद्यपदार्थाला टेकू देऊ नये. मिठाईच्या किंवा नेवऱ्यांच्या डब्यात आतून टाकलेले बिल हा प्रकार तर बंदच व्हावा. वापरलेले थर्मल कागद चुलीत जाळू नका. रद्दीच्या गठ्ठ्यातही घालू नका, कारण त्यातले रसायन पुनर्वापराच्या कागदात उतरते. ते वेगळ्या पिशवीत बिनपुनर्वापराच्या कचऱ्यात द्या. लेबल काढल्यावर उरणाऱ्या गुळगुळीत पट्टीवर सिलिकॉनचा थर असतो, तीही रद्दीत घालू नका.