बाभूळ, चिंच आणि धूळ: सोलापूरच्या झाडांसाठी चेनसॉची चेन निवडणे व तिला धार लावणे

सोलापूर परिसरात चेनसॉची चेन दोन कारणांनी लवकर बोथट होते: जुन्या बाभळीचे व चिंचेचे कठीण गाभ्याचे लाकूड आणि सालीच्या भेगांत साचलेली धूळ. त्यांपैकी धूळ अधिक घातक आहे, कारण लाकडाने दात हळूहळू झिजतो, तर मातीतला वाळूचा कण त्याची कड एका फेऱ्यात मोडून टाकतो. म्हणून इथे चेन निवडताना ती नवी असताना किती वेगाने कापते यापेक्षा ती धार किती वेळ टिकवून धरते, हे आधी पाहावे.

चेनच्या दातांचे मुख्य दोन आकार बाजारात मिळतात. टोकदार, चौकोनी कोपऱ्याचा दात स्वच्छ व ओल्या लाकडात फार वेगाने चालतो, परंतु त्याची सगळी ताकद त्या एका कोपऱ्यात असल्याने तो कोपरा धुळीने गेला की चेन जवळजवळ निकामी होते. गोलसर कोपऱ्याचा दात, ज्याला दुकानात सेमी-चिझेल म्हणतात, किंचित सावकाश कापतो. मात्र वाळलेल्या, कठीण आणि धुळकट लाकडात त्याची धार बराच जास्त वेळ टिकते आणि हाताने कानस मारून ती परत आणणेही सोपे जाते. बांधावरची बाभूळ, पडीक जमिनीतली वेडी बाभूळ किंवा वळवाच्या वादळात पडून मातीत लोळलेला कडुनिंब कापणाऱ्याने गोलसर दाताचीच चेन घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

दाताचा आकार ठरला तरी माप चुकले तर चेन बसणारच नाही. चेनच्या कड्या जोडणाऱ्या लागोपाठच्या तीन रिव्हेटांपैकी पहिल्या व तिसऱ्या रिव्हेटच्या मध्यांतले अंतर मोजून त्याचे दोन भाग केले की चेनचा पिच मिळतो. झाडावर चढून फांद्या उतरवण्याच्या हलक्या यंत्रांना बहुधा ३/८ इंचाची कमी उंचीची चेन असते, तर मध्यम यंत्रांना ०.३२५ इंचाची आणि मोठ्या यंत्रांना पूर्ण उंचीची ३/८ इंचाची. दुसरे माप बारच्या, म्हणजे ज्या लांब पट्टीवरून चेन फिरते तिच्या, खाचेच्या रुंदीचे आहे, ते १.१, १.३, १.५ किंवा १.६ मिलिमीटर असते आणि बहुतेक वेळा बारवरच कोरलेले असते. तिसरे म्हणजे खाचेत बसणाऱ्या कड्यांची संख्या. दुकानात केवळ ‘अठरा इंची चेन द्या’ असे म्हणू नये, कारण एकाच लांबीच्या दोन बारांना वेगवेगळ्या संख्येच्या कड्या लागू शकतात. जुनी चेन सोबत न्यावी किंवा कड्या मोजून आकडा लिहून न्यावा.

आता धारेविषयी. यंत्रातून कपच्या पडण्याऐवजी पिठासारखा भुसा पडू लागला, किंवा लाकडात उतरण्यासाठी यंत्रावर जोर द्यावा लागला, की लगेच थांबावे. वाळलेल्या बाभळीचा भुसा मुळातच बारीक असतो, त्यामुळे तिथे भुशापेक्षा हाताला लागणाऱ्या जोरावर विश्वास ठेवावा.

धार लावण्याआधी इंजिन बंद करावे, जाड हातमोजे घालावेत आणि बार पक्का धरावा. शेतात शेगडा (व्हाइस) नसेल तर एखाद्या खुंटात चीर पाडून त्यात बार घट्ट बसवता येतो. गोल कानस चेनच्या मापाचीच हवी: ३/८ इंचाच्या कमी उंचीच्या चेनला ४ मिलिमीटर, ०.३२५ इंचाला ४.८ मिलिमीटर आणि पूर्ण उंचीच्या ३/८ इंचाला उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे ५.२ किंवा ५.५ मिलिमीटर. कानशीचा सुमारे पाचवा भाग दाताच्या वरच्या पातीच्या वर राहील अशा बेताने ती धरावी, बारशी काटकोनात धरलेल्या रेषेपासून ती साधारण ३० अंश तिरकी ठेवावी (नेमका कोन वेष्टनावर दिलेला असतो) आणि दाताच्या आतल्या बाजूकडून बाहेर, फक्त पुढे ढकलताना दाब द्यावा. मागे ओढताना कानस उचलावी. मागे-पुढे घासल्याने दात व कानस दोन्ही खराब होतात.

सर्वांत जास्त झिजलेला दात शोधून त्याच्यापासून सुरुवात करावी व त्यावर शाईची खूण करावी. धार लागल्यावर तो जितका लांब उरेल, तितक्याच लांबीवर बाकीचे सगळे दात आणावे लागतात. आधी एका बाजूचे सगळे दात संपवावेत आणि मग यंत्र फिरवून दुसऱ्या बाजूचे घ्यावेत. उजव्या हाताने काम करणाऱ्याचा एका बाजूला जोर नकळत जास्त पडतो. तसे झाले की बार कापताना एकीकडे वळतो आणि चीर वाकडी जाते. तेव्हा दोष बारचा नसून बहुधा दातांच्या लांबीचा असतो.

प्रत्येक दाताच्या पुढे एक उंचवटा असतो आणि दात लाकडात किती खोल जाईल हे तोच ठरवतो. दात झिजून खाली येतो, पण उंचवटा तसाच राहतो. म्हणून तीन-चार वेळा धार लावल्यावर मापपट्टी ठेवून तो चपट्या कानशीने खाली आणावा. सर्वसाधारणपणे दातापेक्षा तो ०.६५ मिलिमीटर खाली असावा. अधिक कापण्याच्या लोभाने तो जास्त उतरवला तर चेन लाकडात अडकते आणि यंत्र अंगावर उसळते, म्हणून इथे घाई कधीही करू नये.

ग्राइंडरविषयी सावध राहावे. चाक जोरात दाबल्याने दात निळसर झाला, तर पोलादाचे पाणी उतरले असे समजावे. असा दात पुन्हा धार धरत नाही. त्यापेक्षा दोन-तीन वेळा टाकी भरल्यावर कानशीचे चार हलके फटकारे मारणे चांगले.

रस्त्याकडेच्या कडुनिंबांत जाहिरातींच्या पाट्यांचे खिळे व तारा वाढून गडप झालेल्या असतात. तिथे जुनी चेन वापरावी. वडाचा चीक चेनवर चिकटतो, तेव्हा काम संपताच ती पुसून काढावी. तेल चेनसाठीचेच घालावे. गॅरेजमधले जळके ऑइल धातूच्या कणांमुळे बार खाते आणि आरोग्यालाही घातक असते. सोलापूरच्या उन्हाळ्यात चेन तापून सैल पडते म्हणून मध्येच ती ताणावी लागते, परंतु काम संपल्यावर तो ताण पुन्हा सैल करून ठेवावा, कारण थंड होताना चेन आकसते आणि बार व शाफ्टवर ताण येतो.