सौदे जुळवणारं इंजिन : चालता नमुना कसा बांधायचा

मुंबईच्या फायनान्शियल टेक्नॉलॉजीजने दलालांसाठी 'ओडिन' बनवलं आणि 2003 मध्ये एमसीएक्स हा वस्तूंचा वायदे बाजारही उभा केला. ओडिन हे दलालाच्या टेबलावरचं टर्मिनल. खरेदी-विक्री जुळते ती एक्स्चेंजमधल्या मॅचिंग इंजिनात, आणि त्याचा छोटा नमुना घरच्या लॅपटॉपवर बांधता येतो.

सुरुवात भावापासून. भाव दशांशात ठेवू नका, पैशांत पूर्णांक ठेवा. संगणकाच्या दशांश गणितात 0.05 ची तिप्पट 0.15 होत नाही, 0.15000000000000002 होते. मग समान भावाच्या दोन ऑर्डर वेगळ्या दिसतात आणि सौदा अडतो.

प्रत्येक काँट्रॅक्टचं, म्हणजे प्रत्येक शेअरचं किंवा वायद्याचं, एक बुक, म्हणजे थांबलेल्या ऑर्डरींची यादी: खरेदीत सर्वांत जास्त भाव वर, विक्रीत सर्वांत कमी भाव वर. प्रत्येक भावाला एक रांग, आधी आलेला पुढे. शिवाय ऑर्डर क्रमांकावरून थेट ऑर्डर सापडेल असा वेगळा तक्ता हवाच. तो नसला तर एक ऑर्डर रद्द करायला अख्खं बुक चाळावं लागतं, आणि बाजारात रद्द होणाऱ्या ऑर्डर फार असतात.

आता हे तपासा. विक्रीला अ: 10010 पैसे, 50 शेअर. नंतर ब: 10005, 30. नंतर क: 10005, 40. खरेदी आली 10010 ला, 80 शेअरची. तीन सौदे व्हायला हवेत: ब कडून 30, क कडून 40, दोन्ही 10005 ला, आणि अ कडून 10 शेअर 10010 ला. अ चे 40 उरतात. सौद्याचा भाव नेहमी आधी बसलेल्या ऑर्डरचा. सगळं 10010 ला जुळलं, तर तुमचं इंजिन येणाऱ्याचा भाव लावतंय.

ऑर्डर बदलताना बहुतेकजण चुकतात. नग कमी केले तर रांगेतली जागा तशीच राहते. नग वाढवले किंवा भाव बदलला, की शेवटी. ही शिस्त मोडली तर लहान ऑर्डर टाकून आधी जागा अडवायची, मग नग फुगवायचे, हा खेळ सुरू होतो. आधीची जागा हा रांगेत प्रामाणिकपणे थांबलेल्याचा हक्क आहे, वेगापेक्षा याला जपा.

एका काँट्रॅक्टला एकच थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधली कामाची एकच स्वतंत्र धार. दोन थ्रेड एकाच बुकात शिरले, की आधी कोण आलं ते ठरेनासं होतं. ऑर्डर आत घेण्याआधी तिला अनुक्रमांक आणि वेळ देऊन डिस्कवरच्या नोंदवहीत लिहा. इंजिनाने स्वतः घड्याळ पाहायचं नाही. मग यंत्र बंद पडलं तरी तीच नोंदवही पुन्हा चालवून बुक हुबेहूब उभं राहतं. नोंदवही दोनदा चालवा, सौद्यांच्या दोन्ही याद्यांत एका अक्षराचाही फरक नको.

ऑर्डर बुकात जाण्याआधी भावाची मर्यादा, नगांची कमाल आणि एकाच ग्राहकाची दोन्ही बाजूंना ऑर्डर नाही ना, हे पाहा. 5 ऑक्टोबर 2012 ला एनएसईवर एका दलालाकडून चुकीच्या ऑर्डर गेल्या आणि निफ्टी सुमारे 900 अंकांनी कोसळला. तशी ऑर्डर मुद्दाम पाठवा. ती दारातच परतली पाहिजे.