मुलांच्या भाजल्याच्या उंच वणात इंजेक्शन: पालकांसाठी मार्गदर्शन

भाजलेली जखम भरून आल्यावर महिना-दोन महिन्यांत तिथली कातडी लाल, टणक आणि उंच होऊ लागते आणि खाजेपायी मूल रात्रभर तळमळते. ज्या जखमा भरायला तीन आठवड्यांहून अधिक दिवस लागतात, त्यांच्यात असा वण येण्याचा धोका अधिक असतो. तो मूळ जखमेच्या हद्दीतच राहिला, तर वर्ष-दोन वर्षांत बराचसा आपोआप मऊ पडतो. हद्द ओलांडून पसरणारा केलॉइड मात्र सहसा आपोआप बसत नाही. हा फरक डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्यावा.

सुरुवात सिलिकॉनची पट्टी, मालीश आणि दिवसाचे सुमारे २३ तास घालायचे प्रेशर गारमेंट (वणावर सतत दाब देणारा घट्ट कपडा) यांनी होते. इतके करूनही वण दबत नसेल आणि तो लहान असेल, तर इंजेक्शनाचा विचार करावा. पाठभर पसरलेल्या वणाला ते पुरे पडत नाही, आणि कोपर किंवा मान आखडली असेल तर ती सोडवायला बहुधा शस्त्रक्रियाच लागते.

औषध बहुतेक वेळा ट्रायॲम्सिनोलोन हे स्टिरॉइड असते. काही डॉक्टर त्यात फाइव्ह-फ्लुरोयुरॅसिल मिसळतात. ते कर्करोगाचे औषध असल्याचे कळताच पालक घाबरतात, पण इथे ते थोड्या मात्रेत आणि फक्त वणापुरते दिले जाते.

सुई वणाच्या आतच टोचावी लागते. टणक वणात औषध सहजी शिरत नाही, जोर लावावा लागतो आणि तेवढी जागा पांढुरकी पडते. ते विनासायास शिरू लागले, तर सुई वणाखालच्या चरबीत गेली असण्याची शक्यता असते, आणि तिथे पडलेल्या स्टिरॉइडने पुढे कातडीला खळगा पडतो. म्हणूनच हे काम अनुभवी हातांकडे द्यावे. एका बैठकीत किती औषध द्यायचे याची मर्यादा मुलाच्या वयावर आणि वजनावर ठरते. त्यामुळे मोठा वण एकदम न घेता तुकड्यातुकड्याने घेतला जातो.

टोचणे दुखते, आणि ते मुलापासून लपवू नये. बधिर करणारे मलम किमान तासभर आधी लावून वरून झाकून ठेवावे लागते, म्हणून दवाखान्यात वेळेआधी पोहोचावे. फार लहान किंवा फार घाबरलेल्या मुलाला चारजणांनी दाबून धरण्यापेक्षा भूल देणे बरे. एकदा धसका बसला की पुढच्या प्रत्येक खेपेला मूल दारातूनच रडू लागते.

दोन इंजेक्शनांमध्ये साधारणपणे चार ते सहा आठवडे जातात. दर खेपेला त्याच अंतरावरून, त्याच उजेडात फोटो काढून ठेवावा, कारण रोज पाहणाऱ्याला फरक जाणवत नाही. खाज सहसा आधी कमी होते आणि उंची मागाहून उतरते. टोचलेली जागा फिकट पडू लागली, कातडी पातळ होऊन बारीक रक्तवाहिन्या दिसू लागल्या, तर पुढचे इंजेक्शन घेण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे. चेहरा गोल होणे, भूक आणि वजन झपाट्याने वाढणे ही स्टिरॉइड शरीरभर पोहोचल्याची लक्षणे असू शकतात. ती दिसल्यास पुढच्या तारखेची वाट पाहू नये. या काळात मुलाला दुसरा आजार झाला किंवा शस्त्रक्रिया ठरली, तर या इंजेक्शनांची माहिती त्या डॉक्टरांना अवश्य द्यावी.

वण सपाट झाला तरी सिलिकॉनची पट्टी आणि प्रेशर गारमेंट डॉक्टर सांगेपर्यंत सोडू नये, कारण इंजेक्शने थांबल्यावर काही वण पुन्हा उंचावतात.