खाली बसून गाणाऱ्यांसाठी घरचा स्टुडिओ: रिकाम्या खोलीपासून पहिल्या रेकॉर्डिंगपर्यंत

घरी रेकॉर्डिंगची खोली कशी करावी, यावर मिळणारी बहुतेक माहिती उभं राहून गाणाऱ्या किंवा खुर्चीत बसून गिटार वाजवणाऱ्या माणसासाठी लिहिलेली असते. आपल्याकडे गायक सतरंजीवर मांडी घालून बसतो. त्याचं तोंड जमिनीपासून जेमतेम अडीच फुटांवर असतं. एका बाजूला पेटी, दुसऱ्या बाजूला तबला. भिंती विटांच्या, वर गुळगुळीत गिलावा आणि खाली चकचकीत फरशी. एवढ्या फरकानं आवाज शोषणारं पॅनेल कुठे लावायचं, माइक किती उंचीवर धरायचा, स्टँड कोणता घ्यायचा, सगळंच बदलतं. म्हणून हा लेख फ्लॅटमधल्या दहा बाय अकराच्या खोलीसाठी आणि खाली बसून होणाऱ्या गाण्यासाठी लिहिला आहे.

हे लिहिण्यामागे एक हळहळही आहे. आत्याच्या आवाजातले सहा अभंग मी एका दुपारी घरीच रेकॉर्ड केले होते. माइक चांगला होता, आत्याचा आवाज त्या दिवशी लागलाही सुरेख होता. पण सोसायटीचा पाण्याचा पंप सुरू होता आणि त्याची घरघर सहाही अभंगांखाली कायमची बसली आहे. ती पूर्ण काढायला गेलं की आवाजातला ओलावाही निघून जातो. तेव्हापासून खर्चाचा क्रम मी असाच सांगते: आधी शांतता, मग खोली, मग माइक.

१. आठवडाभर नुसतं ऐका

काहीही विकत घेण्याआधी रिकाम्या खोलीत फोन ठेवा आणि खिडकी-दार बंद करून दिवसातून पाच-सहा वेळा दोन-दोन मिनिटं रेकॉर्ड करा. नंतर हेडफोन लावून ऐका आणि वेळेसकट वहीत लिहा. फ्रिजचा कॉम्प्रेसर, लिफ्ट, इन्व्हर्टरची गुणगुण, एसीच्या कट्ट्यावरची कबुतरं, शेजारचा कुकर, हे सगळं कानाला सवयीचं झालेलं असतं. माइकला ते सवयीचं नसतं. पुण्यात राहत असाल तर गणपतीच्या आधीचे काही आठवडे संध्याकाळी ढोल-ताशांचा सराव चालतो, ते दिवस रेकॉर्डिंगसाठी धरूच नका. आठवड्याच्या शेवटी रोजच्या शांत वेळा तुम्हाला सापडतील. बऱ्याच इमारतींत ती वामकुक्षीची वेळ असते, साधारण दीड ते साडेतीन.

दोन खोल्यांतून निवड करता येत असेल तर चौरस खोली टाळा. कारण साधं आहे. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींत दहा फुटांचं, म्हणजे ३.०५ मीटरचं अंतर असेल, तर सुमारे ५६ हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले ११२, १६८ असे स्वर त्या भिंतींमध्ये घुमत राहतात. लांबी आणि रुंदी सारखी असली की दोन्हीकडून तेच स्वर फुगतात. डग्ग्याचा खर्ज याच आसपास असल्यामुळे एखादा ‘घे’ हा बोल ढगासारखा गडगडतो आणि पुढचा हरवून जातो. दहा बाय बाराच्या खोलीत हा भार वाटला जातो.

२. दार आणि खिडकी

दोन गोष्टींची इथे नेहमी गल्लत होते. बाहेरचा आवाज आत येणं ही एक अडचण आणि आतला आवाज घुमणं ही दुसरी. पहिलीवर उपाय वजन आणि फटी बुजवणं, दुसरीवर उपाय मऊ आणि जाड वस्तू. भिंतीवर फोम चिकटवून रिक्षाचा आवाज कमी होत नाही.

विटांची भिंत मुळातच वजनदार असते. आवाज शिरतो तो स्लायडिंग खिडकीतून आणि दाराखालच्या फटीतून. दाराच्या चौकटीला रबराची पट्टी लावा आणि खाली ब्रश किंवा रबराची झालर बसवा. खिडकीसाठी सुताराकडून तिच्या मापाचं जाड प्लायचं झाकण करून घ्या, कडेनं रबर लावा आणि रेकॉर्डिंगपुरतं घट्ट बसवा. हवा जाईल तिथून आवाज जाईल, हे सूत्र धरून दिवा विझवून फटीतून उजेड कुठे येतो ते बघा. हे करून पूर्ण निःशब्द खोली मिळणार नाही, पण शांत वेळेला जोडून ती पुरेशी होते.

३. खोली गाण्याजोगी करणं

रिकाम्या खोलीत मध्यभागी बसून एक टाळी वाजवा. मागून ‘झिंग्ग’ असा पत्र्यासारखा झणकार आला, तर तोच झणकार तुमच्या प्रत्येक तानेच्या मागे ऐकू येणार आहे.

अंड्यांचे ट्रे लावू नका. ते पातळ पुठ्ठ्याचे असतात, आवाज फारसा शोषत नाहीत आणि आग मात्र चटकन पकडतात. एक इंची फोमचंही तसंच: तो फक्त वरचे, तीक्ष्ण स्वर खातो. १००० हर्ट्झच्या स्वराची लहर ३४ सेंटिमीटर लांब असते, १०० हर्ट्झची साडेतीन मीटरच्या आसपास. एवढ्या लांब लहरीला इंचभर फोम जाणवतही नाही. मग खोली वरून दबलेली आणि खालून घुमणारी अशी विचित्र होते. ते कोंदट गाणं ऐकण्यापेक्षा उघडी भिंत परवडली.

पॅनेल घरी करता येतात. चार फूट बाय दोन फुटांची, दोन इंच खोल लाकडी चौकट करून घ्या. तीत ५० मिलिमीटर जाडीचा रॉकवूलचा (दगडापासून केलेल्या तंतूंचा) स्लॅब बसवा. घनमीटरला ४८ ते ६० किलो घनता चालते. इन्सुलेशनचं सामान विकणाऱ्या दुकानात तो मिळतो. कापताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, कारण तंतू त्वचेला आणि घशाला टोचतात. पुढून-मागून घट्ट कापड ताणून स्टेपल करा. कापड निवडताना ते तोंडाला लावून फुंकर मारा. फुंकर पलीकडे गेली तर आवाजही जाईल. रेक्झिन नको. पॅनेल भिंतीला चिकटवू नका, मागे दोन इंच मोकळे ठेवा. त्या पोकळीमुळे ते आणखी खालच्या स्वरांपर्यंत काम करतं.

उंचीचं बघा. उभ्या माणसासाठी पॅनेल चार फुटांच्या वर टांगतात. तुम्ही खाली बसणार, म्हणून पॅनेलची खालची कड जमिनीपासून फूटभर वर ठेवा. अशी सहा पॅनेल दहा बाय अकराच्या खोलीला सुरुवातीला पुरतात: दोन गायकाच्या पाठीमागे, दोन्ही बाजूंना एकेक आणि समोर दोन.

गायकाच्या पाठीमागची दोन सर्वांत महत्त्वाची. नेहमी वापरला जाणारा कार्डिऑइड माइक समोरचं ऐकतो आणि मागच्या बाजूला जवळजवळ बहिरा असतो. गायक त्याच्या समोर, म्हणजे गायकाच्या पाठीमागची भिंतही त्याच्या समोरच. बरेच जण माइकच्या मागे फोमची ढाल उभी करतात आणि ही भिंत मोकळी सोडतात. पॅनेल करायला वेळ लागणार असेल, तर आज रात्रीच गायकाच्या मागे दोरीवर दोन जाड गोधड्या दुहेरी करून टांगा. फरक लगेच ऐकू येईल.

कोपऱ्यांत खर्ज साठतो. तिथे कापसाच्या जुन्या, जड गाद्या गुंडाळून उभ्या करा. जमिनीवर आधी घोंगडी, वर सतरंजी. फरशी तोंडापासून अडीच फुटांवर असते आणि छतापेक्षा तीच जास्त त्रास देते. तबल्याखाली मात्र मी सतरंजीवर प्लायचा एक तुकडा ठेवते, नाहीतर चाटीचा, म्हणजे तबल्याच्या कडेचा, टणत्कार बोथट होतो.

४. वीज आणि पंखा

टेक, म्हणजे एका दमात होणारं रेकॉर्डिंग, चालू असताना पंखा बंद. खोली आधी अर्धा तास एसीवर गार करा आणि मग एसीही बंद करा. दहा-बारा मिनिटांचा टेक, मग विश्रांती. पंख्याच्या रेग्युलेटरचा आणि दिव्याच्या डिमरचा किरकिराट कधी कधी थेट वायरीतून येतो, तेव्हा तेही पूर्ण बंद ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून अर्थिंग नीट नसेल तर ५० आणि १०० हर्ट्झची घूं ऐकू येते. सगळी उपकरणं एकाच बोर्डावर, तीन पिनांच्या प्लगवर लावा. तरी घूं राहिली तर चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा. अर्थची पिन कापून टाकण्याचा सल्ला कुणी दिला, तर ऐकू नका. त्यात जिवाला धोका आहे.

५. काय विकत घ्यायचं

माइकचा आवाज संगणकात नेणारा ऑडिओ इंटरफेस चार माइक-इनपुटांचा घ्या. दोन इनपुटांचा स्वस्त पडतो, पण गायक, उजवा तबला, डग्गा आणि पेटी असे चार माइक लागणारच, आणि सहा महिन्यांत तो बदलावा लागतो. गायकासाठी मोठ्या डायफ्रामचा, म्हणजे पडद्याचा, कंडेन्सर माइक. त्याला इंटरफेसमधून माइकच्याच वायरीतून ४८ व्होल्टचा वीजपुरवठा (‘फँटम’) द्यावा लागतो. खोली अजून घुमत असेल तर शुअर एसएम५८ सारखा डायनॅमिक माइक जवळ धरणं शहाणपणाचं, कारण तो दूरचं कमी उचलतो. तबल्यासाठी एसएम५७ ची जोडी चांगलं काम करते. आडव्या दांडीचे बुटके बूम-स्टँड आठवणीनं मागा. उंच स्टँड खाली बसणाऱ्याच्या अंगावर येतात.

हेडफोन बंद कपांचे आणि वायरचे. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो, त्यावर गाता येत नाही. सॉफ्टवेअरसाठी रीपर ६० दिवस विनामूल्य वापरून बघता येतो, ॲपलच्या संगणकावर गॅरेजबँड फुकट आहे. स्पीकर नंतर घेतले तरी चालतील.

६. मांडणी

गायकाच्या तोंडापासून माइक एक ते दीड वीत. ख्याल गाणारा मंद्रातून तारात जाताना मान वळवतो, हात उचलतो, म्हणून त्याला दीड वीत द्या; भावगीताला एक वीत पुरते. फार जवळ गेलात तर कार्डिऑइड माइकमध्ये खर्ज फुगतो. माइकच्या पुढे चार बोटांवर पॉप-फिल्टर, म्हणजे हवेचा झोत अडवणारी जाळी, लावा. मराठीत प, फ, भ, ठ यांना हवेचा जोर असतो, त्यामुळे ‘पांडुरंग’ आणि ‘विठ्ठल’ या दोन शब्दांनीच माइकची परीक्षा घ्या. तरी धप्पकन आवाज आला तर माइक नाकाच्या उंचीवर नेऊन किंचित खाली वळवा. हवा खालून निघून जाते.

तबल्यावर दोन माइक, एक उजव्या तबल्याच्या आणि एक डग्ग्याच्या काठावरून वीतभर वर, हाताच्या वाटेत न येईल असा तिरपा. पेटीचा माइक भात्यापासून दूर, वरच्या बाजूनं फूटभर अंतरावर. जवळ नेला तर पट्ट्यांची खटखट आणि भात्याचा उसासा स्वरांपेक्षा मोठा होतो. मांडणीचा खरा डाव असा की प्रत्येक माइकची पाठ शेजारच्या वाद्याकडे यावी. गायकाच्या माइकची पाठ तबल्याकडे आली की तबला त्यात पुष्कळ कमी शिरतो. वादकांना एकमेकांची नजर दिसली पाहिजे, नाहीतर समेवर चुकामूक होते.

आधी तबला, मग पेटी, मग आवाज असं तुकड्यांत रेकॉर्ड करण्याची पद्धत ठरलेल्या लयीच्या भावगीताला चालते. ख्याल किंवा अभंग तसा करू नका. थोडा तबला गायकाच्या माइकमध्ये आला तरी चालेल, पण तिघं एकत्र बसू द्या.

७. सूर, पातळी, टेक

पेटीचे स्वर पक्के असतात. म्हणून तानपुऱ्याचं यंत्र आणि तबला पेटीवर लावा, फोनवरच्या ट्यूनरवर नाही. गायकाची पट्टी काळी चार असेल तर पेटीची काळी चार धरूनच बाकी सगळे. यंत्राचा तानपुरा खोलीत वाजवू नका. तो हेडफोनमधून द्या आणि नंतर स्वतंत्र ट्रॅकवर घ्या. गायकाला एक कान उघडा ठेवू द्या, त्याला स्वतःचा आवाज हवेतूनही लागतो. एसी बंद झाला की हवेतला दमटपणा वाढतो आणि तबला उतरतो, म्हणून दर टेकआधी चाट तपासा.

रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर ठेवा. गायकाला सर्वांत जोरकस तारसप्तकातली तान घ्यायला सांगा आणि मीटर उणे १० ते उणे १२ डेसिबलवर थांबेल इतकाच गेन (माइकची पातळी वाढवणारं बटण) द्या. गाणं रंगलं की तान आणखी चढतेच. स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येत असेल तर सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधला बफर १२८ सँपलवर आणा किंवा इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर सुरू करा, म्हणजे आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनमध्ये येतो.

एका ट्रॅकला मिनिटाला सुमारे साडेआठ एमबी लागतात. चार ट्रॅक, तासभर, म्हणजे दोन जीबीच्या आसपास. फाइलच्या नावात तारीख, राग आणि पट्टी लिहा. त्याच संध्याकाळी दुसऱ्या डिस्कवर एक प्रत काढा, शक्यतो दुसऱ्या घरी ठेवता येईल अशी.

टेक संपल्यावर लगेच बोलू नका. शेवटचा स्वर विरून गेल्यावर अर्धा मिनिट सगळ्यांनी स्तब्ध बसा आणि खोलीची शांतता रेकॉर्ड होऊ द्या. नंतर दोन टेक जोडताना मधली फट भरायला हीच शांतता कामी येते.

८. पावसाळ्यात माइक

कंडेन्सर माइकचा पडदा ओलाव्यानं बिघडतो, चरचरायला लागतो. जून ते सप्टेंबर माइक स्टँडवर ठेवू नका. काम झालं की तासभर कोरड्या खोलीत राहू द्या, मग मऊ कापडात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पुड्यांतल्या दाण्यांचा रंग बदलला की त्या बदला.